सापडण्याचा धंदा



आमच्या गावाला नावे दोन आहेत. सरकारी दप्तरात ते ट्रॉम्बे, आणि जुन्या मराठी बोलण्यात तुर्भे. अडचण अशी की, खाडीच्या पलीकडे नवी मुंबईत दुसरे एक तुर्भे आहे. तेथे रेल्वेचे स्टेशन आहे, मोठा बाजार आहे, आणि त्यामुळे आज तुर्भे म्हटले की बहुतेकांस तेच आठवते. काही वर्षांपूर्वी आमच्या चिता कॅम्पातील एका फ्रीज दुरुस्त करणाऱ्या कारागिराने आपल्या दुकानाची माहिती इंटरनेटवर घातली आणि पत्त्यात मोठ्या अभिमानाने ‘तुर्भे’ असे लिहिले. त्याला फोन येऊ लागले ते सगळे खाडीपलीकडचे. त्याच्या दुकानापासून शंभर पावलांवर राहणारा गृहस्थ मात्र फ्रीज बिघडला की चेंबूरचा माणूस बोलावीत असे. हुन्नर होता, गिऱ्हाईकही होते. दोघांची गाठ तेवढी पडत नव्हती.

ही गाठ घालून देण्याचा एक स्वतंत्र धंदा गेल्या तीस वर्षांत जगभर उभा राहिला आहे. त्याचे इंग्रजी नाव ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’ असे लांबलचक असून व्यवहारात त्याला ‘एसईओ’ म्हणतात. गूगलसारख्या शोधयंत्राला कोणी काही विचारले असता आपल्या आश्रयदात्याचे पान उत्तरात वरच्या बाजूस यावे, अशी तजवीज करणे, हे ह्या धंद्याचे काम. मी त्याला ‘सापडण्याचा धंदा’ म्हणतो. नाव साधे असले तरी त्याचा इतिहास बोधप्रद आहे, आणि तोच आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

आपला माल लोकांस कळविण्याची खटपट काही नवी नव्हे. दवंडी होती, दुकानावरची पाटी होती, पुढे वर्तमानपत्रे आली. मुंबईत गिरगावात १९०५ साली निघालेली बी. दत्ताराम आणि कंपनी ही आपल्या देशातील पहिल्या जाहिरात-संस्थांपैकी एक समजली जाते. परंतु जाहिरात आणि शोध ह्यांत एक मूलभूत भेद आहे, आणि तो ध्यानात घेतल्यावाचून पुढील इतिहास नीट समजावयाचा नाही. जाहिरात न विचारणाऱ्याच्या कानी पडते. शोधणारा मनुष्य मात्र स्वतः होऊन प्रश्न घेऊन आलेला असतो. जाहिरातीला लक्ष वेधावे लागते. शोधाला उत्तर द्यावे लागते. दवंडीवाला आणि ग्रंथपाल ह्यांच्यात जे अंतर, तेच ह्या दोहोंत आहे.

ग्रंथपालाचे हे काम किती दक्षतेचे असते, ह्याचे उदाहरण आमच्या ट्रॉम्ब्यातच आहे. येथे १९५४ साली अणुऊर्जेचे प्रतिष्ठान स्थापन झाले आणि १९६७ साली त्यास डॉ. होमी भाभा ह्यांचे नाव देण्यात आले. त्या केंद्रातील अणुभट्ट्यांविषयी लोक पुष्कळ बोलतात. तेथील ग्रंथालयाविषयी कोणी बोलत नाही. १९७० साली व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने अणुविज्ञानातील सर्व लेखनाची एक जागतिक सूची सुरू केली. प्रत्येक देशाने आपल्या येथील लेखनाची नोंद करून पाठवावी, असा तिचा नियम. आणि भारताच्या वाट्याचे हे काम भाभा केंद्राच्या ग्रंथालयाकडे आले. लेख आला की तो कशाविषयी आहे हे पाहावयाचे, आणि एका ठरावीक शब्दसंग्रहातून त्यास योग्य ती विषयपदे जोडावयाची. पद जोडताना पाहावयाचे ते इतकेच की, उद्या ह्या विषयाचा शोध घेणारा कोणता शब्द घेऊन येईल. लेखकाची प्रौढी वाढावी म्हणून तेथे एक शब्दही अधिक घालता येत नाही. शब्द शोधणाऱ्यासाठी असतो, सापडू इच्छिणाऱ्यासाठी नव्हे. ह्या सूत्राचा भंग कसा झाला, आणि त्याची भरपाई कोणास करावी लागली, हाच आपल्या धंद्याचा इतिहास होय.

इंटरनेटवरील शोधाचे पहिले साधन १९९० साली कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी ॲलन एम्टेज नावाच्या विद्यार्थ्याने तयार केले. त्याचे नाव ‘आर्ची’. त्याला फायलींची नावे तेवढी कळत. १९९४ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी ‘याहू’ ही यादी सुरू केली. तिच्यात पानांची वर्गवारी माणसे करीत. त्याच वर्षी पानांतील सगळा मजकूर वाचणारी यंत्रे निघाली आणि १९९५ च्या डिसेंबरात ‘अल्टाव्हिस्टा’ हे बलाढ्य यंत्र आले. आपल्याकडे विदेश संचार निगमने सामान्य जनतेस इंटरनेट खुले केले ते १९९५ च्या १५ ऑगस्टला. म्हणजे आपण ह्या जत्रेत पोहोचलो तेव्हा ती नुकतीच भरू लागली होती. तथापि तेव्हा घरोघर संगणक नव्हते. म्हणूनच १९९६ साली मुंबईत व्ही. एस. एस. मणी ह्यांनी ‘जस्ट डायल’ सुरू केले ते टेलिफोनवर. ‘अमुक भागात गवंडी कोण?’ असे विचारावे आणि पलीकडच्या माणसाने नावे सांगावीत. प्रश्न विचारणाऱ्यास सेवा फुकट; आपले नाव आधी सांगितले जावे म्हणून पैसे देणार तो व्यापारी. आज मालाडास मुख्य कचेरी असलेल्या ह्या कंपनीचे संकेतस्थळ पुढे २००७ साली निघाले, आणि २०२१ साली तिची बहुतांश मालकी रिलायन्सकडे गेली.

शोधयंत्राची कामे तीन. पाने वाचीत फिरणे, वाचलेल्याची सूची करणे, आणि विचारणाऱ्यापुढे ती क्रमाने मांडणे. सगळा झगडा तिसऱ्या कामाचा. सुरुवातीच्या यंत्रांचा समज भोळा होता: ज्या पानावर एखादा शब्द अधिक वेळा आला, ते पान त्या विषयाचे. शिवाय पानाच्या मालकाने आपल्या पानाची विषयपदे आपणच लिहून द्यावीत, अशी सोय होती. परीक्षा विद्यार्थ्याने द्यावी आणि गुणही त्यानेच भरावेत, असा हा प्रकार! लोकांनी एकच शब्द शेकडो वेळा लिहिण्यास आरंभ केला. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत तो लिहावा, म्हणजे वाचकास दिसू नये आणि यंत्राने मात्र वाचावा, अशीही युक्ती निघाली. १९९६-९७ च्या सुमारास ह्या युक्त्या दाम घेऊन करणारे लोक पुढे आले आणि धंद्यास नाव मिळाले.

१९९८ साली लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन ह्या स्टॅनफर्डच्याच दोघांनी गूगल कंपनी स्थापन केली. त्यांची कल्पना विद्वानांच्या जगातून आलेली होती. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख किती निबंधांत होतो ह्यावरून त्याचे महत्त्व जोखण्याची पद्धत यूजीन गारफील्ड ह्यांनी १९६४ साली आपल्या उल्लेखसूचीच्या द्वारे रूढ केली होती. पेज आणि ब्रिन ह्यांनी तीच दृष्टी पानांना लावली. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे दुवा दिलेला असला, म्हणजे ते एक मत समजावे. आणि मत देणारा जितका प्रतिष्ठित, तितके त्याचे मत वजनदार. मनुष्याने स्वतःविषयी काय म्हटले ह्यापेक्षा इतर त्याच्याविषयी काय म्हणतात हे पाहावे, हा आपल्या गावगाड्याचाच न्याय नव्हे काय?

परंतु जेथे मतास किंमत येते, तेथे मतांचा बाजार भरतो. दुवे विकत मिळू लागले. ह्याच काळात हा धंदा आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर आला. अमेरिकेतील, इंग्लंडातील व्यापाऱ्यांनी काम द्यावे, आणि येथील तरुणांनी रात्रंदिवस शेकडो परक्या पानांवर त्यांचे दुवे पेरीत बसावे. ही एक प्रकारची मजुरीच होती. तिला विद्येचे नाव देण्यात आले इतकेच.

शिक्षा मोठमोठ्यांस झाल्या. २००६ च्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यू ह्या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ, यंत्रास एक मजकूर आणि माणसास दुसरा दाखविल्याबद्दल, गूगलने काही दिवस आपल्या सूचीतून काढून टाकले. २०११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने जे. सी. पेनी ह्या जुन्या अमेरिकन दुकानाचे प्रकरण उघडकीस आणले. कपड्यांपासून प्रवासी पेट्यांपर्यंत अनेक शोधांत त्याचे नाव अग्रभागी येत होते, कारण भलत्याच विषयांच्या हजारो पानांवर त्याचे दुवे पेरलेले होते. गूगलने त्यास खाली ढकलले. त्याच महिन्यात पोकळ मजकुरांचे कारखाने ओळखणारा ‘पांडा’ नावाचा फेरबदल अमेरिकेत सुरू झाला, आणि २०१२ च्या २४ एप्रिलला विकतच्या दुव्यांवर ‘पेंग्विन’ आला. जनावरांची नावे गमतीची खरी, पण ज्यांच्या दारी ती आली त्यांना गंमत वाटली नाही.

माझा एक माजी विद्यार्थी त्यांपैकी एक होता. चेंबूरच्या बाजूस दोन खोल्यांत त्याची कचेरी होती आणि पाच मुले कामाला होती. परदेशी गिऱ्हाइकांचे दुवे पेरून त्याने थोड्या वर्षांत बरे पैसे मिळविले होते. पेंग्विनानंतर ज्या दुव्यांसाठी गिऱ्हाइकांनी पैसे मोजले होते, तेच त्यांच्या गळ्यातील धोंड झाले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात गूगलने नकोशा दुव्यांची यादी देऊन ते आपले नव्हेत असे कळविण्याची सोय केली. मग ज्या मुलांनी दुवे पेरले होते, त्यांनीच ते वेचून यादी करावी, असे काम कित्येक महिने चालले. आणि तेही फुकट, कारण पैसे मागण्यास तोंड नव्हते. गिऱ्हाइके गेली. तीन मुलांस निरोप द्यावा लागला. त्यांपैकी एकाची बहीण माझ्याच वर्गात होती. फी भरण्याच्या दिवशी ती शाळेत आली नाही, तेव्हा मला ह्या पेंग्विनाचा अर्थ कळला.

तो एका संध्याकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, आम्ही चोरी नव्हती केली. सगळे जण करत होते तेच करत होतो.”

मी म्हटले, “अरे, वर्गात सगळे कॉपी करीत असले म्हणजे ती कॉपी राहत नाही काय?” बोललो खरा, पण मागाहून मला वाईट वाटले. धंद्यात बुडालेल्या मनुष्यास उपदेश स्वस्त असतो.

त्याने धंदा पुन्हा उभारला तो मात्र जवळच्या माणसांच्या जोरावर. परदेशी कामे त्याने सोडली आणि गोवंडी, मानखुर्द, ट्रॉम्बे, चेंबूर ह्या टापूतील दुकानदार, दवाखाने, शिकवण्या, कारागीर हे धरले. त्याची रीत मी पाहिली आहे. महिन्याची ठरावीक फी. पहिला महिना केवळ तपासणीचा: पान उघडते का, मोबाइलवर वाचता येते का, पत्ता आणि फोन सर्वत्र एकच आहेत का. नंतर गिऱ्हाइकाच्या गल्ल्यावर बसून, लोक काय विचारतात ते तो वहीत टिपून घेतो आणि त्या प्रश्नांची खरी उत्तरे पानावर लिहवितो. दर महिन्यास हिशेब देतो. पण पान कितव्या क्रमांकावर आले हे त्यात शेवटी असते. आधी असते ते हे की, फोन किती आले आणि त्यांपैकी किती गिऱ्हाइके झाली. एकाच गल्लीतील एकाच व्यवसायाचे दोन दुकानदार तो घेत नाही. दोघांस पहिले करतो म्हणणे म्हणजे एकास फसविणे, असे त्याचे म्हणणे. फळ दिसण्यास चार महिने ते एक वर्ष लागते, हे तो आधीच सांगतो. त्यामुळे काही गिऱ्हाइके उठून जातात. जी राहतात ती टिकतात, आणि पुढची गिऱ्हाइके तीच आणतात. त्याचा धंदा वाढला तो असा.

ह्याच्या उलट, माझ्या एका नातलगाने आपल्या शिकवणीवर्गासाठी दुसऱ्या एका मंडळीस वर्षाचे पैसे आगाऊ भरले. ‘पहिला क्रमांक, हमी’ असे त्यांनी छापील कागदावर दिले होते. क्रमांक खरोखर आला, पण कशावर? त्या वर्गाच्या स्वतःच्याच पूर्ण नावावर, जे दुसरे कोणी शोधीत नव्हते. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे स्वतः गूगलने प्रसिद्ध केलेले आहे. श्रोत्यांपैकी कोणी व्यापारी असतील, त्यांनी एवढे एक वाक्य जरी आजच्या भाषणातून घरी नेले, तरी माझे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.

आता चिता कॅम्पातील त्या कारागिराकडे वळू. ही वस्ती कशी झाली, हे नव्या पिढीस ठाऊक नसेल. अणुकेंद्राच्या शेजारी जनता कॉलनी म्हणून सुमारे ७०,००० लोकांची वस्ती होती. १९७६ च्या मे महिन्यात, आणीबाणीच्या दिवसांत, ती उठवून येथील दलदलीच्या जमिनीवर आणून ठेवण्यात आली. माणसांबरोबर त्यांची दुकाने आली, पण पत्ते मागेच राहिले. ज्या गिऱ्हाइकाला दुकान ठाऊक होते, त्यास ते सापडेना. अशा अरुंद गल्ल्यांतील कारागिरास मोठ्या रस्त्यावर पाटी लावणे कोठून परवडणार? नकाशावरील नोंद ही त्याची पाटी. गूगलने दुकानदारास आपली नोंद स्वतः करण्याची सोय फुकट दिलेली आहे. तीत नाव, ठिकाण, वेळ आणि गिऱ्हाइकांचे अभिप्राय असतात. माझ्या विद्यार्थ्याने कारागिराच्या पत्त्यातील ‘तुर्भे’ बदलून ‘चिता कॅम्प, ट्रॉम्बे’ असे केले, दुकानाचे खरे ठिकाण नकाशावर टेकविले आणि मजकूर माझ्याकडून लिहून घेतला.

येथे माझी फजिती झाली. मी ‘शीतकपाट-दुरुस्ती’ असे शुद्ध मराठीत लिहिले. विद्यार्थी हसून म्हणाला, “सर, असं कोण विचारतं?” तो मला त्या गल्लीत घेऊन गेला. लोक म्हणत होते, ‘फ्रीज थंड होत नाही’, ‘फ्रीजमधून पाणी गळतं’. तेच शब्द आम्ही घातले. आयुष्यभर मुलांना शब्द शिकविलेल्या मनुष्यास शोधणाऱ्याचा शब्द कोणता, हे एका कारागिराच्या दुकानात शिकावे लागले. पुढे त्या कारागिराने मला सांगितले की, शंभर पावलांवरचे गृहस्थ आता त्यालाच बोलावितात.

मराठीचा प्रश्न केवळ शब्दांचा नव्हता, अक्षरांचाही होता. आरंभी आपली पाने जो तो आपापल्या खासगी टंकांत लिहीत असे. डोळ्यांस ती मराठी दिसत. परंतु आत साठविलेली असत रोमन अक्षरांची निरर्थक चिन्हे. शोधयंत्राने ‘पंढरपूर’ शोधावे तर त्यास त्या पानात पंढरपूर दिसतच नसे. अशी किती तरी पाने जगाच्या दृष्टीने नसल्यातच जमा झाली. सर्व लिप्यांस समान क्रमांक देणारी युनिकोडची व्यवस्था १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि तीत देवनागरी होती. २००० सालच्या विंडोज प्रणालीत तिचा वापर सुकर झाला. २००३ च्या १ मे रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तो ह्याच पायावर. सापडण्यासाठी प्रथम वाचता आले पाहिजे, हा धडा एकट्या दुकानदाराचा नव्हे, सगळ्या भाषेचा आहे.

आज ह्या धंद्यावर नवे संकट आहे. २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेत आणि ऑगस्टात आपल्याकडे गूगलने शोधाच्या उत्तरातच यंत्राने रचलेला सारांश दाखविण्यास प्रारंभ केला. उत्तर तेथेच मिळाले, तर विचारणारा मूळ पानाकडे कशास जाईल? जे केवळ इतरांचे ऐकून पाने भरीत होते, त्यांची पाने ओस पडण्याचा संभव आहे. पण ज्याच्याकडे स्वतः पाहिलेले, स्वतः केलेले असे काही सांगण्यासारखे आहे, त्याच्या वाटेला काय येईल? त्याचे ज्ञान सारांशात जाईल आणि नाव गळेल, ही भीती खोटी नव्हे. कारागिरास मात्र थोडा दिलासा आहे. सारांश वाचून फ्रीज थंड होत नाही; हात लावणारा मनुष्य लागतोच.

असो. तीस वर्षांच्या ह्या इतिहासात यंत्रे बदलली, युक्त्या बदलल्या, कित्येक कंपन्या आल्या आणि गेल्या. प्रत्येक युक्ती काही काळ चालली आणि ज्याने ती विकत घेतली त्याच्याच अंगावर आली. टिकले ते जुन्या ग्रंथपालाचे सूत्र: शब्द शोधणाऱ्यासाठी असतो. धंदा हा असो वा दुसरा, तो वाढवावयाचा असेल त्याने प्रथम गल्लीत जाऊन लोक काय विचारतात ते ऐकावे, आणि जेवढे खरे असेल तेवढेच पाटीवर लिहावे.